राखणदाराचा हॉर्न

कृष्णनाथ स्कूटरसकट गटारात पडला त्याला कारण भक्ती, असं तो स्वतः सांगे. चंद्रावतीच्या मते कारण एवढंच होतं, की देवाने माणसाला दोन हात दिलेत आणि तिच्या नवऱ्याला एका वेळी तीन कामं करायची असतात.

धारगळला हमरस्ता सोडून आत वळलं, की काजूच्या बागांमधून एक रस्ता खालच्या वाड्यावर येतो. वाड्याच्या तोंडाशीच राखणदाराची घुमटी आहे. चुन्याने रंगवलेली, माणसाच्या खांद्याएवढी, आत तेलकट समई आणि पुढ्यात केळीचं पान. राखणदार काठी आपटत वाड्याची शीव फिरतो अशी सगळ्यांची श्रद्धा असल्यामुळे तिथून जाणारं प्रत्येक वाहन त्याला हॉर्न देऊन पुढे जातं. टिपरवाला देतो, पाव विकणारा पोदेर देतो, मोपाच्या विमानतळावर टॅक्सी लावणारी मुलंही देतात. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं. कृष्णनाथचं भागत नसे. त्याला हॉर्नबरोबर डावा हात कपाळाला आणि मग छातीला लावायचा असे, आणि स्कूटरच्या हॉर्नचं बटण नेमकं डाव्या अंगठ्याखाली असतं. आधी हॉर्न दिला तर नमस्कार होईपर्यंत घुमटी मागे पडे. आधी नमस्कार केला तर हॉर्न राहून जाई. दोन्ही एकदम साधण्याच्या नादात एका सकाळी पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि कृष्णनाथ बाजाराच्या पिशवीसह गटारात बसलेला सगळ्या वाड्याने पाहिला.

"एक तर हॉर्न मारा, नाय तर नमस्कार करा," चंद्रावतीने त्याच्या गुडघ्याला हळद लावता लावता बजावलं. "दोनूय करूक जाशात तर पुढच्या वेळाक राखणदारच काठी घेवन तुमका उचलूक येतलो."

कृष्णनाथला यातलं काहीच सोडायचं नव्हतं. त्यातून तो वीज खात्यातून निवृत्त झालेला. म्हणजे बिलांच्या टेबलावरून. पण वाड्याला खात्यातल्या टेबलांची माहिती नव्हती. कोणाचा फ्यूज उडाला, कोणाचा पंखा घरघरला, की बोलावणं कृष्णनाथलाच. तो जाई, टेस्टर मागून घेई, पंख्याकडे बराच वेळ गंभीरपणे पाही आणि "वायरमनाक दाखवा" असं सांगून चहा पिऊन परत येई. लोक काही बोलत नसत, पण त्याला मनातून लाज वाटे. उभी नोकरी विजेच्या खात्यात काढली आणि साधी घंटा वाजवता येत नाही, हे त्याला निवृत्तीनंतर जास्तच टोचू लागलं होतं. गुडघा बरा होईपर्यंत घरात बसून त्याने मोबाइलवर इलेक्ट्रॉनिक्सचे व्हिडिओ पाहिले. त्यातला हिंदी बोलणारा मुलगा दर वेळी सांगे की हे काम अगदी सोपं आहे, आणि कृष्णनाथचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला.

कल्पना अशी होती. हॉर्नचं बटण दाबल्यावर हॉर्न लगेच वाजायचा नाही. थोडा थांबून वाजायचा. घुमटीच्या अलीकडे रस्त्यावर वाकलेली एक काजू आहे, तिच्याखाली बटण दाबायचं, हात मोकळा करून कपाळाला न्यायचा, आणि घुमटीसमोर आलं की हॉर्न आपला आपण वाजायचा. पेडण्याच्या बाजारातल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून त्याने टायमरचा आयसी, कपॅसिटर आणि रिले आणली आणि जेवणाच्या टेबलावर मांडली. चंद्रावतीने हे काय म्हणून विचारलं तेव्हा त्याने कपॅसिटरची तुलना न्हाणीघरातल्या पाण्याच्या भाणाशी केली. बटण दाबलं की हे भाण हळूहळू भरतं. भरलं की रिलेला कळतं आणि रिले हॉर्नला कळवते. हॉर्नला सरळच का कळवत नाही, असं तिने विचारलं. कृष्णनाथने तिच्याकडे फक्त दयेने पाहिलं.

पहिल्या जोडणीत हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. शेजारचे लोक कुठे काय झालं म्हणून धावत आले, तोवर कृष्णनाथने बॅटरी उपटली होती. दुसऱ्या जोडणीत काहीच झालं नाही, फक्त जळका वास आला. त्यानंतर मात्र गौरवी मदतीला बसली. गौरवी त्यांची एकुलती एक मुलगी. औषधाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला. तिने वायरी सरळ केल्या, मोबाइलवर वेळ मोजला, आणि सर्किट चाललं. रस्त्यावरची चाचणी तर अशी झाली, की कृष्णनाथने काजूखाली बटण दाबलं, हात कपाळाला नेला आणि बरोबर समईच्या उजेडात हॉर्न वाजला. तो स्कूटर थांबवून तिथेच उभा राहिला. डोळ्यांत पाणी आलं होतं. घरी आल्यावर त्याने सगळं सर्किट साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत घातलं, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून डबी एमसीलने चहूबाजूंनी लिंपली आणि सीटखाली पक्की बसवली. आता ती डबी पावसालाच काय, कृष्णनाथलाही उघडता येणार नव्हती.

काही बारीकसारीक अडचणी होत्या. रस्त्यात कुत्रा आडवा झोपलेला असे. कृष्णनाथ बटण दाबी, हॉर्न न वाजल्यामुळे कुत्रा उठत नसे, मग तो वळसा घालून पुढे जाई आणि तेव्हा हॉर्न वाजे. इतका वेळ शहाण्यासारखा वागलेला कुत्रा मग रागावून मागे लागे. कृष्णनाथचं म्हणणं, हॉर्न देवासाठी केलाय, कुत्र्यांसाठी नाही.

खरी अडचण पंचायतीने केली. निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे रस्त्याचं हॉटमिक्सिंग झालं. खड्डे चुकवत चालणारी कृष्णनाथची स्कूटर आता काळ्या गुळगुळीत रस्त्यावरून सुसाट धावू लागली. कपॅसिटरला रस्ता नवा झाल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. तो आपल्या चालीने भरत राहिला. कृष्णनाथने काजूखाली बटण दाबलं, हात कपाळाला नेला, घुमटी आली, घुमटी गेली, हॉर्न वाजला नाही. हॉर्न वाजेपर्यंत हात खाली घ्यायचा नाही हा त्याचा नियम होता, नाहीतर नमस्कार अर्धवट राहतो. त्यामुळे तो कपाळाला हात लावलेल्या अवस्थेतच पुढे गेला आणि हॉर्न वाजला तो घुमटीनंतरच्या पहिल्या घराच्या गेटसमोर. ते घर दत्तारामचं होतं. दत्ताराम घरापुढच्या सोप्यावर पेपर वाचत बसला होता. त्याने मान वर केली आणि दोघांची नजरानजर झाली. कृष्णनाथचा हात सवयीने कपाळावरून छातीवर आला.

दत्ताराम हा कृष्णनाथचा थोरला चुलतभाऊ. हयात सरकारी बस चालवण्यात गेलेली, पेडणे ते वास्को. दोघांचं बोलणं बंद होतं ते राखणदाराच्या नारळावरून. त्याच्या वार्षिक पूजेला गाऱ्हाणं झालं की पहिला नारळ फोडायचा मान एकेका वर्षी एकेका घराकडे असतो. एका वर्षी तो मान आपलाच आहे असं दोघांनाही वाटलं आणि दोघांनी एकाच क्षणी नारळ फोडले. नारळ दोघांचेही चांगले निघाले, त्यामुळे निकाल लागला नाही. तेव्हापासून दोघे भाऊ एकमेकांच्या दारावरून मान वळवून जात. बायकांचं मात्र बंद नव्हतं. दत्तारामची बायको विमला आणि चंद्रावती बहुतेक दिवस मासळी घेताना भेटत आणि यथेच्छ बोलत, फक्त नवऱ्यांचा विषय काढत नसत.

एरवी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण त्याच दिवसांत गौरवीचं लग्न ठरायच्या बेतात होतं. मुलगा डिचोलीचा, साईश. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं, साईशच्या आईचीही ना नव्हती. राहिले होते ते त्याचे वडील अनंतबाब. अनंतबाबांची एक पद्धत होती. पत्रिका नाही पाहिली तरी चालेल, चौकशी झाली पाहिजे. तीही मुलीच्या घरी नाही, वाड्यावर. आणि खालच्या वाड्यावर चौकशीला येणारा प्रत्येक माणूस पहिल्यांदा थांबतो तो घुमटीनंतरच्या पहिल्या गेटवर. मागे एका घरच्या मुलीची चौकशी आली तेव्हा दत्ताराम काही बोलला नव्हता, नुसतं त्याने तोंड वाकडं केलं होतं. ती माणसं गाडीतून उतरलीच नाहीत.

त्यामुळे कृष्णनाथने घरी येऊन झाला प्रकार सांगितला तेव्हा गौरवीचा चेहरा उतरला.

"पप्पा, त्येंका वाटतला तुमी त्येंची चेष्टा करतास," ती म्हणाली. "हात कपाळाक लावन हॉर्न मारतास म्हटल्यार आनी काय वाटतला? अनंतबाब येवचे आसत, म्हायत आसा मा तुमका?"

कृष्णनाथला माहीत होतं. गौरवीने आजवर त्याच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं, आणि हे तर तिने मागितलंही नव्हतं, स्वतःच शोधलं होतं. ते आपल्या हॉर्नपायी मोडलं तर तिच्याकडे तोंड वर करून बघता येणार नाही, या विचाराने त्याची झोप उडाली. त्याने उपाय सुरू केले.

पहिला उपाय गौरवीने सुचवला. बटण काजूच्याही आधी, वळणावरच दाबायचं. वळणावर शेवंती मासळीची पाटी घेऊन बसते. पहिल्या दिवशी ते जमलं. दुसऱ्या दिवशी शेवंतीभोवती गिऱ्हाइकं जमलेली होती, स्कूटर अडकली, आणि हॉर्न वाजला तो शेवंतीच्या कानाशी. वाड्यावर स्कूटरवरून फिरणाऱ्या मासळीवाल्याचा हॉर्न ऐकला की बायका ताट घेऊन बाहेर येतात, तशी हॉर्न ऐकून शेवंती गिऱ्हाईक आलं असं समजली. तिने बांगडे मोजून पिशवीत घातलेसुद्धा. कपाळाला हात लावलेल्या माणसाला नको म्हणता येईना. तो सोमवार होता, आणि सोमवारी त्यांच्या घरात मासळीचं नावसुद्धा काढत नाहीत. चंद्रावतीने बांगडे पिशवीसकट शेजारी पाठवले आणि दिवसभर त्याच्याशी बोलली नाही.

दुसरा उपाय म्हणजे सावकाश जाणं. रस्ता खराब असताना ज्या वेगाने जात असे त्याच वेगाने कृष्णनाथ त्या नव्या रस्त्यावरून जाऊ लागला. हॉर्न घुमटीवर बरोबर पडला. पण मागे चिऱ्यांचा टिपर होता. टिपरवाल्याने घुमटीपर्यंत कसाबसा धीर धरला आणि पुढे दत्तारामच्या गेटसमोर त्याचा धीर सुटला. त्याने एकामागून एक इतके हॉर्न दिले, की विमला स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मग त्याने एक दिवस बटण दाबलंच नाही. राखणदाराला नुसता हात केला आणि खाली मान घालून निघून गेला. त्या दुपारी स्कूटरचं मागचं चाक पंक्चर झालेलं सापडलं. टायर जुना होता, पण घरात कोणी टायरचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवसापासून हॉर्न परत सुरू झाला आणि परत दत्तारामच्या दारात पडू लागला. आता कृष्णनाथ त्या गेटकडे बघतही नसे. नाकासमोर पाहायचं, हॉर्न वाजला की हात छातीला लावून सुटायचं. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला एवढं कळे, की सोप्यावरचा माणूस आधी पायरीवर आला, मग अंगणात, आणि आता रोज गेटलाच उभा असतो.

अनंतबाबांनी रविवारी येतो असा निरोप पाठवला, आणि त्याच दिवशी विमलाने आजवरचा रिवाज मोडून नवऱ्याचा विषय काढला.

"तुमच्या घरकारांची स्कूटर जायपर्यंत ह्ये चाय घेणत नाय," शेवंतीच्या पाटीतलं पेडवं निवडता निवडता ती चंद्रावतीला म्हणाली. "न्हावन, शर्ट घालून गेटीर जावन रवतत."

चंद्रावतीने पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुष्कळ त्रास वाचला असता.  ती मासळी न घेताच घरी आली आणि म्हणाली, की उपाशीपोटी माणसाचा राग नुसता वाढत जातो, आणि रविवारी तो सगळा राग अनंतबाबांसमोर बाहेर पडणार. त्यावर गौरवी उठली. ती कामाला निघून गेली, पण तिचा जेवणाचा डबा टेबलावरच राहिला. तो डबा पाहून कृष्णनाथने निर्णय घेतला.

शनिवारी तो स्कूटर घेऊन पेडण्याला मेकॅनिककडे गेला. साबणाची डबी उघडेना तेव्हा मेकॅनिकने दोन्हीकडच्या वायरी कापल्या आणि हॉर्न पूर्वीसारखा सरळ जोडून दिला. डबी त्याने कृष्णनाथच्या हातात ठेवली. हे काय होतं, असं त्याने विचारलं. कृष्णनाथने काही नाही म्हणून ती खिशात टाकली. आयुष्यात पहिल्यांदा बनवलेली आणि चाललेली वस्तू त्याने स्वतःच्या हाताने बंद पाडली होती, आणि त्याचं दुःख करायलाही वेळ नव्हता.

रविवारी सकाळी तो धारगळच्या नाक्यावर जाऊन उभा राहिला. अनंतबाबांची लांबलचक गाडी आली. पुढे अनंतबाब आणि साईश, मागे साईशची आई. कृष्णनाथने रस्ता दाखवायला स्कूटर पुढे घातली. शेवंतीचं वळण गेलं, काजू गेली. घुमटीसमोर त्याने अंगठ्याने हॉर्न दिला, तो त्याच क्षणी वाजला. मग पुढे जाता जाता त्याने हात कपाळाला आणि छातीला झटपट लावून घेतला आणि दत्तारामच्या गेटवरून मुकाट पुढे निघून गेला. सगळं बिनबोभाट पार पडलं असं वाटून त्याने मागची गाडी येते आहे ना हे पाहायला आरशात नजर टाकली.

आरशात गाडीच्या बाजूला दत्ताराम दिसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस विंचरलेले. त्याचा उजवा हात छातीपर्यंत वर आलेला होता. स्कूटर पुढे गेलेली पाहून तो हात तसाच थोडा वेळ थांबला, आणि मग हळूहळू खाली गेला.  चेष्टा झाली असं वाटणारा माणूस असा हात वर करत नाही, एवढं कृष्णनाथलाही कळलं.

घरी शिरा झाला, चहा झाला. साईश आणि गौरवी एकमेकांना पहिल्यांदाच पाहत असल्यासारखे बसले होते. साईशच्या आईला घर आवडलं, चंद्रावतीही आवडली. मग अनंतबाब उठले. जरा राखणदाराच्या पाया पडून येतो, असं ते म्हणाले. चौकशीला निघताना हेच म्हणायचं असतं, आणि मुलीकडच्यांनी सोबत यायचं नसतं, हे सगळ्यांनाच माहीत होतं. चंद्रावती त्यांना वाटेपर्यंत सोडायला गेली तेवढ्यात कृष्णनाथ मागच्या दाराने बाहेर पडला आणि कुळागरातून पोफळींच्या मधून धावत सुटला.

दत्ताराम सोप्यावर बसला होता. शर्ट तोच होता. समोर चहाचा कप होता, त्यावर साय धरली होती. कृष्णनाथ धापा टाकत अंगणात उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला. नारळाच्या त्या दिवसानंतर हा शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारला.

दत्तारामने त्याला बस म्हटलं नाही.

"आज हॉर्न खय?" त्याने विचारलं.

"काडून टाकलंय."

"कित्याक?"

इथे एका लहानशा थापेने काम भागलं असतं. हॉर्न बिघडला म्हणायचं आणि पाया पडायचं. वाटेत कृष्णनाथने ती थाप तयारही केली होती. पण आरशातला तो हात डोळ्यांसमोरून हलत नव्हता, आणि त्या हाताशी खोटं बोलणं त्याच्याने होईना. त्याने सगळं सांगितलं. गटार सांगितलं, सर्किट सांगितलं, काजू सांगितली, हॉटमिक्सिंग सांगितलं.

"तो हॉर्न तुका नाय होतो, दादा," तो शेवटी म्हणाला. "राखणदाराक होतो. माझो वेळ चुकलो."

हे बोलून झाल्यावर त्याला गेटकडून हालचाल जाणवली. अनंतबाब तिथे उभे होते. बहुधा गटाराच्या हकिकतीपासून ऐकत असावेत. गौरवीचं लग्न आपण आता आपल्या तोंडाने मोडलं असं कृष्णनाथला वाटलं.

दत्तारामला घाई नव्हती. त्याने चहावरची साय बोटाने बाजूला केली.

"माका म्हायत आसा," तो म्हणाला. "पयल्याच दिवसाक समाजला. हॉर्न वाजलो तेव्हा तुझा तोंड बघलंय मी. घाबरान पांढरा पडला होता. मान देवक येणाऱ्याचा तोंड तसा नसता."

"मगे रोज गेटीर कित्याक उभो रवी होतंस?"

"चुकान कर नायतर कसोय कर, हात कपाळाक होतो मा रे," दत्ताराम म्हणाला. "इतक्या वर्सांत माझ्या दारासमोरसून तू मान वर करून गेलंस नाय. म्हटला, नमस्कार येता तर येव दे. दोन दिवसांनी मीय हात करूक लागलंय. तू खय बघतंस? तू नाकासमोर बघून जाय होतंस."

कृष्णनाथला रडू आलं. वर्षानुवर्षं ज्या माणसाला टाळलं तो इतके दिवस चहा बाजूला ठेवून आपल्या चुकीची वाट पाहत होता, याची त्याला शरम वाटली आणि आनंदही झाला. तो पुढे गेला, वाकला आणि दत्तारामच्या पायांना हात लावला. नारळाच्या बाबतीतही आपलं चुकलं असेल, असं तो म्हणाला. असेल नाही, चुकलंच होतं, असं म्हणून दत्तारामने त्याला उठवलं आणि शेजारी बसवून घेतलं.

अनंतबाब खाकरले. ते पद्धतीचे पक्के होते, आणि चौकशी अजून व्हायची होती. गेट उघडून ते आत आले, पायरीवर उभे राहिले आणि ठरलेला प्रश्न त्यांनी ठरलेल्या शब्दांत विचारला. तुम्ही वाड्यावरचे जाणते, कृष्णनाथबाबांच्या घरची माणसं कशी आहेत?

"माका कित्याक विचारतास?" दत्ताराम म्हणाला. "चौकशी भायल्या माणसाकडे करतत. मी चेडवाचो चुलतो. बसा, आता तुमच्या झिलाची चौकशी मी करतलंय."

आणि त्याने ती केलीही. साईश कुठे कामाला आहे, पगार हातात देतो की खर्च करतो, गाडी वेगात चालवतो का, वळणावर हॉर्न देतो का, रागावला तर जेवण सोडतो का. अनंतबाबांनी आजवर कितीतरी वाड्यांवर जाऊन चौकशा केल्या होत्या. कोणी त्यांची केली नव्हती. त्यांनी रुमालाने कपाळ पुसत एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. शेवटी दत्तारामचं समाधान झालं. मुलगा चालेल, असं त्याने कृष्णनाथला सांगितलं. थंड चहा त्याने अंगणात ओतला, दुसरा चहा गौरवीच्या हातचा घेईन म्हणाला, आणि विमलाला हाक मारत, चपला शोधत घरात गेला.

सोप्यावर दोघेच उरले.  लग्न ठरलं आहे का, हे विचारायची कृष्णनाथची हिंमत होत नव्हती.  अनंतबाबांनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"सोयरिकीचें म्हणशात तर आमची कायच आडकाठी ना," ते म्हणाले. "पण कृष्णनाथबाब, तें सर्किट. तें चार चाकांच्या गाडयेक बसता?"

"बसता," कृष्णनाथ म्हणाला. साबणाची डबी अजून त्याच्या पँटच्या खिशातच होती. "कित्याक?"

"म्हाकाय एक भाव आसा."

कृष्णनाथने त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कोणीतरी विजेचं खरं काम सांगत होतं, आणि ते नीट व्हावं असं त्याला मनापासून वाटलं. वेळ किती लावायचा ते ठरवण्यासाठी त्याने भाऊ घरापासून किती लांब राहतो ते विचारलं.

"लांब खंय," अनंतबाब म्हणाले. "मधें फकत एक वंय आसा, कांट्यांचें कुंपण. ताच्या पलीकडे."

तेवढ्यात चपला सापडल्याचं सांगत दत्ताराम बाहेर आला, आणि दोघे उठून उभे राहिले.